बिननावाचा माल आणि बोधचिन्हाचे मोल

वऱ्हाडात माल पिकतो आणि तयारही होतो. पण त्या मालावर नाव मात्र बहुधा दुसऱ्याचे लागते. मोर्शी-वरूडच्या बागांतले संत्रे देशभर ‘नागपुरी’ म्हणूनच खपते. २०१४ साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेही नागपूरच्याच नावाने. अकोल्याच्या दालमिलांतून निघालेली तूरडाळ साध्या पोत्यांतून परगावी जाते. तेथे एखाद्या बड्या व्यापाऱ्याच्या रंगीत पिशवीत ती भरली गेली, की तीच डाळ चढ्या भावाने वऱ्हाडच्याच दुकानात परत येऊन बसते. डाळीत काही फरक पडलेला नसतो. फरक पडलेला असतो तो नावात आणि चिन्हात.

असे नाव आणि चिन्ह घडवून देणारा एक व्यावसायिक वर्ग अमरावती आणि अकोला येथे आता उभा राहिला आहे. हा वर्ग म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे डिझायनर. ते कोणाच्या नोकरीत नसतात. घरातल्याच एखाद्या खोलीत संगणक मांडून ते कामागणिक मोबदला घेतात. कापडाचे दुकान, शिकवणी वर्ग, मसाल्याचा गृहउद्योग, बी-बियाण्यांचे केंद्र, दवाखाना असे त्यांचे नाना तऱ्हांचे ग्राहक असतात. बोधचिन्ह काढणे, वेष्टनाचे रूप ठरविणे, दुकानाच्या पाटीपासून वेबसाइटपर्यंत सर्वत्र त्या व्यवसायाची एकच ओळख राहील अशी व्यवस्था लावणे, हे त्यांचे काम. परंतु या कामाला आपल्याकडे अद्याप कामाची प्रतिष्ठा लाभलेली नाही. पत्रिकेच्या किंवा फ्लेक्सच्या छपाईबरोबर फुकट मिळणारी वस्तू, अशीच बोधचिन्हाची गणना होते. ही समजूत केवळ त्या डिझायनरच्या पोटावर येते असे मानण्याचे कारण नाही. तिचे नुकसान व्यापाऱ्यालाही सोसावे लागते, आणि अंती सबंध प्रदेशाला.

‘ऊमरा’चा धडा

नावाची किंमत वऱ्हाडला कधी कळलीच नव्हती, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात अमरावतीचे नाव सर्वतोमुखी होते. ‘उमरावती’ या तत्कालीन उच्चारावरून इकडच्या कापसाला ‘ऊमरा’ हे व्यापारी नाव पडले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाची मागणी एकाएकी वाढली. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला.

पुढे मात्र या नावाचे जे झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. खानदेश आणि मध्य प्रांतातील कापूसही हळूहळू ‘ऊमरा’ याच सदरात मोडू लागला. एका गावाचे नाव सर्वांच्या मालाचे नाव झाले. ते कोणाच्याच मालकीचे नसल्याने कोणी त्याचे रक्षण केले नाही, आणि आज ‘ऊमरा’ हा शब्द खुद्द अमरावतीतही कोणाला सांगून कळायचा नाही. याउलट, जेथे खुणेला कायद्याने धनी नेमून दिला तेथे ती टिकली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर त्या त्या कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक टाकणे सक्तीचे केले. गाठ कोणी बांधली हे त्यावरून कळे आणि भेसळीचा जाबही विचारता येई. खुणेला धनी असावा लागतो आणि तो कागदावर असावा लागतो, हा या दोन उदाहरणांतून निघणारा धडा आहे.

कराने दिलेली उलटी शिकवण

अलीकडच्या काळात हा धडा विसरण्यास करव्यवस्थेनेही हातभार लावला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पिशवीबंद डाळ, तांदूळ, पीठ यांवर नोंदणीकृत ब्रँड असेल तर पाच टक्के कर आणि नसेल तर माफी, अशी तरतूद होती. ज्याने खर्च करून, वर्षानुवर्षे खपून आपल्या डाळीला नाव मिळविले त्याला दंड, आणि जो निनावी राहिला त्याला बक्षीस, असा तिचा व्यवहारातला अर्थ झाला. साहजिकच देशभरातील अनेक गिरणीमालकांनी नोंदणी रद्द करून घेण्याची वाट धरली. ती रोखण्यासाठी १५ मे २०१७ ही तारीख प्रमाण धरून, त्या दिवशी नोंदणीत असलेले नाव पुढे रद्द केले तरी करपात्रच राहील, असे सरकारला ठरवावे लागले.

१८ जुलै २०२२ पासून हा निकष बदलला. पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव व लेबल लावलेल्या पिशवीवर, ब्रँड असो वा नसो, कर बसू लागला. या करवाढीविषयी व्यापाऱ्यांची तक्रार होती आणि ती अगदीच निराधार होती असेही नव्हे. तथापि तिची एक बाजू दुर्लक्षित राहिली. निनावी राहण्यात असलेला कराचा फायदा तिने नाहीसा केला. अकोल्यासारख्या डाळीच्या बाजारपेठेला स्वतःच्या नावाने माल विकण्यातली एक मोठी अडचण त्या दिवशी दूर झाली. मात्र पाच वर्षांत जडलेली सवय एका अधिसूचनेने जात नाही.

अक्षराचा प्रश्न

वऱ्हाडात राहून काम करणाऱ्या डिझायनरचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे लिपी. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षरापेक्षा लहान नसावे, असेही त्यात आले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना या नियमाच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, पण कशा बदलल्या? मूळ बोधचिन्ह रोमन लिपीत विचारपूर्वक रेखाटलेले, आणि त्याखाली किंवा वर, संगणकात सापडेल त्या ठशातले मराठी नाव चिकटविलेले, असे दृश्य ठिकठिकाणी दिसते. कायद्याचे समाधान झाले, अक्षराचे झाले नाही.

ज्या भाषेत कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना चेहरे दिले आणि र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा ठसा घडवून देवनागरीला संगणकावर स्थान मिळवून दिले, त्या भाषेत ही उदासीनता शोभत नाही. मराठीतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ राज्य शासनाने २००९ साली प्रमाण म्हणून जाहीर केले. तरीही संगणक पुष्कळदा हिंदी वळणाचीच अक्षरे पुढे करतो. आणि खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दाची काय दशा आहे? त्यातला अर्धा ‘र’ जुन्या ठशांतून नव्या प्रणालीत आणताना हमखास गळतो आणि वेबसाइटवर ‘व’ आणि ‘हाड’ यांच्यामध्ये नुसती आडवी रेघ उरते. प्रदेशाचे नाव नीट उमटावे, एवढे तरी पाहणारा माणूस हवा असेल तर तो हे नाव रोज उच्चारणाराच असणार. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांना ही रेघ खुपणार नाही.

चिन्ह काढले एकाने, मालक कोण?

परंतु या कामातला सर्वांत गंभीर प्रश्न सौंदर्याचा नसून मालकीचा आहे. पैसे दिले म्हणजे चिन्ह आपले झाले, अशी व्यापाऱ्याची समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राकृतीचा पहिला स्वामी ती काढणारा असतो. तो पगारी नोकर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हक्क मालकाकडे जातो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांनाही कायद्याने अपवाद केला आहे. पण बोधचिन्हाची रेखाकृती सर्वसाधारणपणे या अपवादांत बसत नाही. म्हणजे लेखी करार झाला नसेल तर चित्राचा हक्क डिझायनरपाशीच राहतो. हक्क हस्तांतरित करावयाचा तर तो सहीनिशी लेखी असावा लागतो. आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते.

याला दुसरी बाजू आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने, चिन्ह बाजारात वापरून मिळविलेली ओळख ही वापरणाऱ्या व्यापाऱ्याची मानली जाते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे ती वाढविता येते. तेव्हा चित्र एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, अशी दुहेरी मालकी निर्माण होते. धंदा लहान असेतो कोणाला तिची जाणीव नसते. तो वाढला, भागीदार आले, बँकेने किंवा परगावच्या खरेदीदाराने कागद मागितले, की प्रश्न उभा राहतो. आणि तेव्हा दोघांपाशीही दाखविण्यासारखे काही नसते.

वेबसाइटच्या पत्त्याची गत याहून वाईट. संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात मान्य केले आहे. असे असताना तो पत्ता ग्राहकाऐवजी स्वतःच्या नावावर घेणारे डिझायनर आहेत. काहींचा हेतू केवळ सोयीचा असतो, काहींचा पैसे अडकल्यास हाती काही असावे असा. हेतू कोणताही असो, दुकान एकाचे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, ही व्यवस्था समर्थनीय नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्याचे चिन्ह थोडेफार फिरवून नवे म्हणून विकणे हाही या व्यवसायातला दोष आहे, आणि तो झाकून या वर्गाची बाजू मांडता येणार नाही.

मोबदल्याची मुदत

डिझायनर पत्ता अडवून धरतो तो बहुधा मोबदला अडतो म्हणून. चार वेळा बदल, पाचव्यांदा पहिलेच बरे होते असा निर्णय, आणि बिलासाठी ‘दिवाळीनंतर पाहू’ असे उत्तर, हा अनुभव या व्यवसायात सार्वत्रिक आहे. खरे पाहता यावर उपाय उपलब्ध आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात सेवा पुरविणाराही येतो. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे, करार असल्यास कमाल पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय आयकर कायद्यातील दुरुस्तीमुळे १ एप्रिल २०२४ पासून, मुदत उलटून गेलेले असे देणे प्रत्यक्ष फेडल्याखेरीज खर्च म्हणून वजा घालता येत नाही. दर्यापूर किंवा अकोटला बसून काम करणाऱ्या मुला-मुलींपैकी कितीजणांना या तरतुदीची खबर आहे?

यावर असे म्हटले जाईल की, आता मोबाइलवर आयते साचे फुकट मिळतात आणि कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात चिन्ह काढून देते. मग या माणसाची गरजच काय? पण जो साचा हजारोंना खुला आहे त्याने आपली ओळख वेगळी कशी ठरणार? व्यापारचिन्हाकडून कायद्याची पहिली अपेक्षाच वेगळेपणाची आहे. हे वेगळेपण मालाकडे पाहून, गिऱ्हाइकाशी बोलून आणि गावाची भाषा ऐकून सापडते. त्यासाठी माणूसच लागतो.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. प्रत्येक कामाला एका पानाचा करार असावा. काम कोणते, बदल किती वेळा, मोबदला किती व केव्हा, चित्राचा हक्क कोणाकडे व किती काळ, मूळ फाइल कोणाला द्यायची आणि वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर, एवढे त्यात मराठीत लिहिलेले असावे. अमरावती-अकोल्याच्या व्यापारी संघटनांनी असा नमुना तयार करून आपल्या सभासदांना द्यावा. विद्यापीठाने आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांनी विद्यार्थ्याला संगणकावर रेघ ओढायला शिकविताना, त्या रेघेचा मालक कोण हेही शिकवावे.

यासाठी आजच्याइतकी योग्य वेळ नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. वऱ्हाडच्या कापसाचे सूत, कापड आणि तयार कपडे येथेच व्हावेत, हा त्यामागचा उद्देश आहे. तो सफल होईल तेव्हा त्या कपड्याच्या गळ्यापाशी एक लहानशी पट्टी शिवावी लागेल. तिच्यावर नाव कोणाचे असावे, याचा विचार कापड तयार झाल्यावर करून भागणार नाही. ‘ऊमरा’ हातचे गेले त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. दुसरे नाव मिळवायचे असेल तर ते काढणाऱ्याचे मोल आणि राखणाऱ्याचा हक्क, दोन्ही आधी कागदावर आले पाहिजेत.