बीटा आवृत्ति : कोणीं घ्यावी, कशी घ्यावी

शाळेंत असतांना मी प्रश्नपत्रिका छापखान्याकडे धाडण्यापूर्वी एखाद्या सहकारी शिक्षकास सोडवावयास देत असें. माझ्या नजरेंतून निसटलेली चूक त्यांस हटकून सांपडे. लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमची बीटा आवृत्ति हा असाच प्रकार आहे. बीटा हें ग्रीक वर्णमालेंतील दुसरें अक्षर. घरांतल्या घरांत होणारी पहिली चांचणी ती आल्फा, आणि बाहेरच्यांकडून होणारी दुसरी ती बीटा.

ॲपलनें २००० सालीं मॅक ओएस टेनची सार्वजनिक बीटा चक्क किंमत घेऊन विकली होती. २०१४ सालीं त्याच कंपनीनें योसेमिटीची बीटा विनामूल्य खुली केली, आणि मायक्रोसॉफ्टनेंहि ‘विंडोज इनसायडर’ ही योजना सुरू केली.

मोह मलाहि झाला. होता तो एकच लॅपटॉप. त्यावरच मीं बीटा घातली. पेन्शनसाठीं हयातीच्या दाखल्याचा अर्ज छापावयास बसलों, तों प्रिंटर दादच देईना! दोष माझाच होता.

म्हणून पहिला नियम असा कीं, रोजच्या कामाच्या एकमेव यंत्रावर बीटा घालूं नये. जुना, दुसरा लॅपटॉप घ्यावा. दुसरा नियम, आधीं सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क बाजूस ठेवावी. कारण मागें फिरावयाचें तर पुष्कळदां यंत्र पुसून जुनी आवृत्ति पुन्हां घालावी लागते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : दोष आढळल्यास तो नीट कळवावा. ऑक्टोबर २०१८ मध्यें विंडोज १० ची नवी आवृत्ति बाहेर पडली, आणि कांहीं लोकांचीं कागदपत्रें व छायाचित्रें नाहींशीं झालीं. कंपनीस वितरण थांबवावें लागलें. हा दोष चांचणी करणाऱ्या कांहींजणांनीं आधींच कळविला होता. परंतु तक्रारी मोजक्या, त्यामुळें त्या गर्दींत हरवल्या. पुढें कंपनीनें दोषाची तीव्रता नोंदविण्याची सोय केली.

तेव्हां आपण काय केलें, काय व्हावयास हवें होतें, प्रत्यक्षांत काय झालें आणि नुकसान किती, हें स्पष्ट लिहावें. बीटा घेणारा हा केवळ हौशी ग्राहक नव्हे, तो परीक्षक आहे. आणि परीक्षकानें मौन धरलें, तर त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.