व्यायाम शिकवणाऱ्या ताईचं पहिलं वर्ष

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचे शब्दांकन)

मागे एकदा मी बायकांच्या व्यायामावर बोलले होते. त्यानंतर केडगावची एक मुलगी आणि राहुरीची एक, दोघींनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. ‘ताई, आम्हाला व्यायाम नुसता करायचा नाही, शिकवायचाय. पर्सनल ट्रेनर होऊन पोट भरतं का?’

भरतं. पण पहिलं वर्ष कसं काढायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून आज त्यावरच बोलते. मी सावेडीत नऊ वर्षं हे काम करतेय, तेव्हा जे सांगेन ते माझ्या वहीतलं आहे.

आधी शिक्षणाचं बघू. वकिलाला सनद लागते, नर्सला नोंदणी लागते. ट्रेनरला आपल्याकडे तसं काही लागत नाही. त्यामुळे दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारेही पुष्कळ निघालेत. त्यांच्या नादी लागू नका. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत क्रीडा आणि फिटनेससाठी वेगळी परिषद आहे, तिला स्पेफल म्हणतात. तिच्या मान्यतेचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम कुठे चालतो ते शोधा. ज्यांना पुढे शाळेतही नोकरी हवी, त्यांनी बी.पी.एड.चा विचार करावा. कोर्स निवडताना एकच विचारा: शरीररचना शिकवता का, आणि खऱ्या माणसांवर सराव करून घेता का? नुसते व्हिडिओ दाखवत असतील तर पैसे घालवू नका. प्रथमोपचार आणि सीपीआर मात्र शिकाच.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका घरी जायचे. वहिनी चाळिशीच्या, उत्साही. मी कोर्समधून नुकतीच बाहेर पडलेली, अंगात जोर. त्या दिवशी त्यांच्याकडून चाळीस उठबशा काढून घेतल्या. शेवटच्या पाच राहिल्या आणि त्या भिंतीला टेकत खाली बसल्या, चेहरा पांढराफटक. मार्गशीर्षातला गुरुवार होता, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि बीपीची गोळीही चालू होती. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. सासूबाईंनी पाय उशीवर ठेवले, शुद्ध नीट आल्यावर लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. वहिनी बऱ्या झाल्या. पण त्या गल्लीतल्या आणखी दोघी येणार होत्या, त्या आल्या नाहीत. पुढे तीन महिने मला त्या गल्लीत काम मिळालं नाही, आणि त्यात कुणाची चूक होती म्हणाल तर माझीच.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशी व्यायाम घेतच नाही. वही घेऊन बसते. बीपी, शुगर, थायरॉइड आहे का? गोळ्या कोणत्या? छातीत दुखतं का, चक्कर येते का? बाळंतपणं किती, सिझर झालं का, शेवटचं मूल किती महिन्यांचं? गर्भपिशवी काढलीय का, आणि कोणत्या वयात? हा प्रश्न पुस्तकातल्या फॉर्ममध्ये नसतो, पण आपल्या भागात पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला ताकदीचा व्यायाम हवाच असतो, फक्त तिच्या डॉक्टरांना विचारून आणि सावकाश. शिंकताना, उडी मारताना लघवी सुटते का, हेही हळूच विचारा, घरात दुसरं कुणी नसताना. कित्येक जणी ही गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत असतात. आणि रोज सुरू करण्याआधी एक प्रश्न: आज उपास आहे का?

उत्तरात काही खटकलं तर डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगा. गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. जिला मी परत पाठवलं, तीच चिठ्ठी घेऊन आली आणि सोबत जावेलाही घेऊन आली.

हे सगळं बोलताना मला आपल्या जिल्ह्यातलं जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ट्रेनरचं काम वेगळं आहे, मान्य. पण त्या बायकांचं दोन बाबतींत आपल्याशी नातं आहे. त्या गावातल्याच होत्या, म्हणून सल्ला चुकला तरी दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना तोंड दाखवायचं होतं. आणि त्यांचं शिकणं एकदा शिकून संपलं नाही, त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येऊन शिकत राहिल्या.

आता काम मिळवायचं कसं. जिममध्ये सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी गर्दी असते, तीही बहुतेक पुरुषांची. आपल्या बायकांना मोकळा वेळ मिळतो तो डबे करून, मुलं शाळेत घालवून, साडेदहाच्या पुढे. नेमकी तेव्हा जिम रिकामी असते. मी एका मालकांना म्हटलं, साडेदहा ते बारा जागा फक्त बायकांसाठी द्या, जमा होईल त्यातला वाटा घ्या. त्यांना रिकाम्या वेळेचं भाडं मिळालं, मला जागा मिळाली. जिम नसेल तिथे सोसायटीची गच्ची, समाजमंदिर, देवळाचा सभामंडपही चालतो. सामानाचं फार मनावर घेऊ नका. चार सतरंज्या, दोन-तीन ताकदीचे रबरी पट्टे, एक मजबूत खुर्ची. लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. साडीत येणाऱ्या बाईला परत पाठवू नका, खुर्चीवर बसून उठण्याचा व्यायाम साडीतही होतो.

घरोघरी जाणार असाल तर एकच भाग धरा. मी सुरुवातीला गुलमोहर रोडला एक आणि भिंगारला एक असं करायचे. अर्धी कमाई स्कूटीच्या पेट्रोलमध्ये गेली. नव्या घरी पहिल्यांदा जाताना घरात बाईमाणूस आहे ना, हे फोनवर विचारून घ्या आणि पत्ता आपल्या घरी सांगून निघा.

पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते, पण बोलू. सहाव्या महिन्यात माझ्याकडे चार जणी घरी जाऊन शिकवायच्या होत्या, प्रत्येकी 2000 रुपये, आणि आठ जणींची एक तुकडी, प्रत्येकी 500. म्हणजे 12000. मी खूश. मग मे महिना आला. कुणी माहेरी, कुणी लग्नाला, कुणाकडे पाहुणे. हाती आले 5000. दिवाळीतही असंच होतं. म्हणून वर्षाचा हिशेब बारा महिन्यांनी करू नका, दहाने करा, आणि चांगल्या महिन्यातले थोडे बाजूला ठेवा. फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या. सांगून चुकलेला दिवस भरून द्या, न सांगता चुकलेला देऊ नका. हा नियम मावशीला आणि आत्यालाही लावा. (माझ्या आत्या अजून रुसलेल्या आहेत.)

बायका टिकतात कशाने? वजनकाट्याने नाही. काटा दोन महिने हलत नाही आणि बाई निराश होऊन घरी बसते. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजा. कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांना तो 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं धरतात. दर महिन्याला तेच पुन्हा मोजा. आठवरून तेरावर गेलेली बाई स्वतःच चार जणींना सांगते. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. आपली बाई चालते खूप, पण ताकदीचा व्यायाम करत नाही. तिथेच तुमचं काम आहे.

आहाराचं काय? हमखास विचारतात, ‘ताई, दीक्षित सरांचं दोनदा जेवायचं धरू, की दिवेकर मॅडमचं थोडंथोडं खायचं?’ मी सांगते, घरचं ताजं खा, ताटात डाळ-उसळ वाढवा, आणि शुगरची गोळी चालू असेल तर जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आहाराचा तक्ता लिहून देणं माझं काम नाही.

आणि डबे. वजन कमी करायच्या पावडरचे डबे विकायला कुणीतरी तुमच्याकडे येणारच. तुमच्याकडे वीस बायका आहेत हे त्यांना कळतं. एका डब्यावर मिळणारं कमिशन माझ्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढं होतं, आणि तो मे महिना होता. मी नाही म्हटलं. खरं सांगते, रात्रभर झोप नव्हती. पण डबा घेतलेल्या बाईला मी उद्या म्हणणार, ‘खुर्चीवरून आणखी दोनदा उठा.’ तिला वाटणार, ही विकायला आलीय की शिकवायला?

त्या चक्कर आलेल्या वहिनी, त्यांचं राहिलंच की. दीड वर्षाने त्यांच्या सासूबाईंचा फोन आला. गुडघे धरलेत, ये म्हणाल्या. मी वही घेऊन गेले. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, ‘आज उपास नाही, विचारायचं राहू दे.’ त्या आता बहात्तर वर्षांच्या आहेत, आठवड्यातून तीन दिवस येतात, आणि मागच्या महिन्यात अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठल्या.

केडगाव आणि राहुरीच्या मुलींनो, कोर्स निवडण्याआधी एकदा सकाळी साडेदहाला माझी तुकडी बघायला या. पत्ता कार्यक्रमाच्या ताईंकडे ठेवला आहे.