परिसराचे शिक्षण : पुस्तकातले आणि माळावरचे

वाशीम जिल्ह्याच्या पठारावर पडणाऱ्या पावसाला दोन समुद्रांच्या वाटा आहेत. या जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. अडाण नदीचे पाणी मात्र पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोचते. शिवारात पडलेला थेंब पश्चिमेस जाणार की पूर्वेस, हे तेथील जमिनीचा उतार ठरवितो. भूगोलाच्या शिक्षकाला याहून सोपा आणि याहून मोठा पाठ कोणता हवा? तथापि या पठारावरच्या शाळांतून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या किती मुलांना हा उतार प्रत्यक्ष उभे राहून दाखविता येईल, याचा विचार केला तर आपल्या पर्यावरण शिक्षणाचे मर्म आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही एकदमच ध्यानात येतात.

पर्यावरण हा विषय शाळेत नाही, अशी तक्रार आज कोणालाही करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. महाराष्ट्रात तर तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याची ओळख करून देण्याची प्रथा फार जुनी आहे. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’, नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आणि अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ अशी पाठ्यपुस्तकांची रांगच उभी आहे. उणीव पुस्तकांची नाही. उणीव आहे ती पुस्तक आणि शिवार यांच्यामधल्या वाटेची. विद्यार्थी ओझोनच्या थराविषयी चार मुद्दे लिहितो, प्रकल्पवहीत बाजारातून आणलेली चित्रे चिकटवितो, शिक्षक श्रेणी देतात आणि विषय संपतो. ज्या एकबुर्जी धरणाचे पाणी वाशीम शहर पिते, त्याच्या पाणलोटात कोणती पिके उभी असतात, हे त्या वहीत येण्याचे कारणच उरत नाही.

गवताची उपेक्षा

या उणिवेचे परिणाम केवळ शैक्षणिक नाहीत, हे दाखविणारे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ हे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. ते मुख्यतः काळविटांसाठी राखलेले असून त्याचा प्राण म्हणजे तेथील गवत. दाट अरण्य हे त्याचे स्वरूप नव्हे. काळवीट, चंडोल, तित्तर, लावा आणि पावसाळ्यात गवतातून उंच उड्या घेऊन मादीला साद घालणारा दुर्मिळ तणमोर, हे सारे मोकळ्या माळाचे रहिवासी आहेत. दाट झाडी त्यांना मानवत नाही.

आता शाळेत मुलाला काय शिकविले जाते ते पाहावे. निसर्ग म्हणजे जंगल, जंगल म्हणजे झाडे, आणि जेथे झाड नाही तेथे उजाड माळ, असे हे समीकरण आहे. सरकारी दप्तरही याच समीकरणाने चालते. वऱ्हाडातील गावोगावच्या ‘ई-क्लास’ जमिनी म्हणजे मुळात गुरचराईची राखीव राने. पण कागदावर त्यांची गणना ‘पडीक’ या सदरात होऊ लागली की त्या कोणाच्याच नाहीत असे समजले जाते. मग तेथे अतिक्रमण होते, मुरूम खणला जातो, किंवा चांगल्या हेतूने खड्डे घेऊन रोपे लावली जातात. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या आणि शाळकरी मुले त्यांत उत्साहाने सहभागी झाली. झाडे लावणे वाईट, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु कोठे लावावीत आणि कोठे लावू नयेत, हे ज्ञान त्या उत्साहाच्या जोडीला असावयास हवे होते. ते पुस्तकातून येणे कठीण, कारण पुस्तक साऱ्या राज्यासाठी एकच असते आणि माळ प्रत्येक गावचा निराळा असतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ‘पडीक’ हा शब्द फसवा आहे. ज्या जमिनीचे उत्पन्न बाजारात विकले जात नाही, तिचे उत्पन्न शून्य धरावयाचे, ही हिशेबाची जुनी चूक आहे. वाशीमच्या शेतीत सोयाबीनने ज्वारीला मागे सारले तसा घरचा कडबा आटला. ज्याच्यापाशी जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्याचा संसार या माळाच्या गवतावरच चालतो. माळ गेला की त्याची भरपाई कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. गावाच्या सामाईक संपत्तीचा हा जमाखर्च मांडणे, हा आठवी-नववीच्या मुलांना सहज जमणारा अभ्यास आहे. आज तो कोणी त्यांना देत नाही, इतकेच.

शाळेबाहेरचे गुरुजी

या माळाचे सर्वांत बारीक ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, तो समाज शाळेपासून सर्वांत दूर राहिला, हा या कहाणीचा कटू भाग होय. फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या गवतात फास लावून तित्तर-लावा धरीत आले. कोणता पक्षी कोणत्या गवतात घरटे करतो, कोणत्या नक्षत्रात अंडी घालतो, हे त्यांना पोटासाठी शिकावे लागले. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची जी प्रथा पाडली, तिचा डाग पारध्यांनाही लागला. १९५२ साली तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण त्या कायद्याने ज्यांचा धंदा गेला त्यांचे ज्ञानही त्याबरोबर मोडीत निघाले, याची दखल कोणी घेतली नाही. त्यांच्या घरची बोली गुजराती-राजस्थानी वळणाची, शाळेची भाषा प्रमाण मराठी. तेव्हा पारध्यांचे मूल वर्गात शिरताच ‘मागासलेले’ ठरते. चंडोलाची शीळ ओळखता येणे हे कोणत्याही परीक्षेत गुणाचे नसते.

कारंजा येथील ‘संवेदना’ या संस्थेने आणि तिचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी नेमका येथेच हात घातला. अकोला व वाशीम जिल्ह्यांतील फासेपारधी वस्त्यांबरोबर काम करताना त्यांनी या लोकांना गवताळ रानांचे राखणदार मानले. वस्तीने एकत्र बसून गवत राखावयाचे, वणवा रोखावयाचा, शिकार थांबवावयाची आणि तणमोरावर नजर ठेवावयाची, असा हा क्रम आहे. यात शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, याची नेहमीची उतरंड उलटी होते. स्थानिक पर्यावरण शिक्षणाचे याहून बोलके उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

जुनाच विचार, नवी संधी

हा विचार विदर्भाला परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, ती मुलाच्या हाताला आणि भोवतालच्या जीवनाला शिक्षणाचे माध्यम करावे अशीच होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी ‘अधिवास आणि अध्ययन’ या विषयावर जो गट नेमला गेला, त्याचे अध्यक्ष माधव गाडगीळ होते. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराच्या नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांना उपलब्ध व्हाव्यात, असा त्या गटाचा आग्रह होता. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. शाळेने ही वही आपली मानली तर प्रकल्पवहीचा प्रश्नच मिटेल.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. त्यांतील एक दिवस नदीच्या उगमाला, एक ई-क्लास जमिनीला, एक गावच्या विहिरींची पातळी मोजण्याला आणि एक गुराखी, पारधी वा जुन्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकण्याला द्यावा. दरवर्षीच्या वर्गाने आधीच्या वर्गाची नोंद पुढे चालवावी. दहा वर्षांनी त्या गावाजवळ स्वतःच्या पाण्याचा आणि गवताचा असा इतिहास असेल, जो कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

यात अडचणी आहेत. शिक्षकावर सर्वेक्षणांचा आणि माहिती भरण्याचा बोजा आधीच मोठा आहे, आणि जे मोजले जात नाही ते करण्यास सवड कोणालाच नसते. म्हणूनच ही कामे हौशी शिक्षकांच्या पदरमोडीवर न सोडता त्यांना वेळापत्रकात तास, मूल्यमापनात गुण आणि सहलीला किरकोळ का होईना पण निश्चित खर्च मिळाला पाहिजे. माहिती सांगणाऱ्या वृद्ध गुराख्याला वा पारध्याला त्या दिवसाचे मानधनही मिळाले पाहिजे. ज्ञानाला किंमत आहे, हे मुलांना कळण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे.

समृद्धी महामार्ग आज कारंजा-सोहोळ अभयारण्यातून जातो. असे निर्णय यापुढेही होत राहतील आणि ते घेणारे, त्यांस संमती देणारे किंवा हरकत नोंदविणारे नागरिक आजच्या वर्गांतच बसलेले आहेत. त्यांना आपला माळ ठाऊक असेल तर ते निदान योग्य प्रश्न विचारतील. ठाऊक नसेल, तर ‘पडीक’ या एका शब्दावर त्यांचे समाधान होईल.