मधमाशीपालन करायचंय? आधी पावसाळ्याचा हिशोब करा

‘पेटीमागे मध किती निघेल?’ हे नंतर. आधी विचारा, पावसाळ्यात माश्या खाणार काय? आपल्या घाटात जून-जुलैला झड लागली की माश्यांना बाहेर पडता येत नाही. उपाशी सातेरी माश्या सरळ पेटी सोडून जातात. माझी पहिली पेटी अशीच रिकामी झाली. सगळा मध मीच काढून दुकानात विकला होता ना! थोडा मध आत राहू द्या, कमी पडला तर साखरेचा पाक द्या.

सुरुवात दोन पेट्यांनी करा. एकीतली राणी मेली, तर दुसरीतली ताज्या अंड्यांची फ्रेम तिच्यात ठेवता येते, कामकरी माश्या त्यातून नवी राणी वाढवतात. प्रशिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयात मिळतं.

आणि हो, शेजाऱ्याच्या फवारणीचा दिवस आधीच विचारून ठेवा.