पीएच.डी.चे समन्वयक : व्यवस्थापन संशोधनाचा कार्यालयीन कणा

नेवासे तालुक्यातील घोडेगाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. आवक, लिलाव, आडत, साठवण आणि भावातील चढउतार हे व्यवस्थापनशास्त्राचे विषय तेथे रोजच्या व्यवहारात दिसत असले, तरी त्यांवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याला अहिल्यानगर किंवा पुणे शहरातील मान्यताप्राप्त संशोधन केंद्र गाठावे लागते. पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे १९४९ साली स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात; पदवी विद्यापीठाची असते, पण संशोधकाचा नित्याचा संबंध केंद्राशी, म्हणजे तेथील समन्वयक प्राध्यापक, लेखनिक आणि ग्रंथपाल यांच्याशी येतो.

मार्गदर्शक, म्हणजे बोलीतला ‘गाइड’, विषयाची दिशा पाहतो, तर समन्वयक सर्व संशोधकांच्या मुदती, बैठका आणि कागदपत्रांचा मेळ घालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन आणि कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. त्यामुळे मुलाखतीपूर्वी कोणाकडे किती जागा रिक्त आहेत याचा अचूक हिशेब केंद्राकडे असावा लागतो. त्यानंतर संशोधनपद्धती आणि प्रकाशननीती शिकवणाऱ्या, किमान बारा श्रेयांकांच्या ‘कोर्स वर्क’चे वेळापत्रक बसवावे लागते. अर्धवेळ संशोधक नोकरीत असल्यास नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र अर्जासोबत आहे की नाही, हेही कार्यालयच तपासते.

संशोधकाची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीपुढे त्याला प्रत्येक सत्रात सादरीकरण करावे लागते. सदस्यांची तारीख जुळवणे हे वरवर किरकोळ काम वाटते. परंतु रब्बी कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो आणि पुढे काही महिने चाळींतून बाजारात येत राहतो, म्हणून प्रश्नावलीला मान्यता मिळण्यास उशीर झाला, तर काढणीच्या वेळचे निरीक्षण पुढच्या हंगामावर जाते आणि सहा वर्षांतील एक वर्ष हातचे निसटते. बैठकीचे इतिवृत्त नीट लिहिलेले नसल्यास सुचवलेला बदल पुढल्या वेळी पुन्हा वादाचा विषय होतो. मार्गदर्शक निवृत्त झाला किंवा बदलला, तर हेच इतिवृत्त नव्या मार्गदर्शकाला आधीच्या निर्णयांची कारणे सांगते.

प्रबंध सादर होण्यापूर्वी त्याची साम्यतपासणी, म्हणजे इतरांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराची संगणकीय छाननी होते, आणि तिचा अहवाल वाचताना ग्रंथपालाचे साहाय्य मोलाचे ठरते, कारण आकड्यावरून चौर्य आणि रीतसर अवतरण यांतील भेद कळत नाही. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात. त्यानंतर ‘व्हायवा’ म्हणजे मौखिक परीक्षा होते आणि पदवीपूर्वी प्रबंधाची संगणकीय प्रत ‘इन्फ्लिबनेट’ या राष्ट्रीय ग्रंथालय-जाळ्याकडे पाठवली जाते.

समन्वयकाच्या कामाचे मोल अशा रीतीने पूर्ण झालेल्या फायलींच्या संख्येवरून ठरवता येत नाही. विद्यापीठाच्या सत्राची आणि शेतमालाच्या हंगामाची दिनदर्शिका वेगळी असते, हे ओळखून बैठकीची तारीख ठरवणारे केंद्र संशोधकाला नियमांतून सूट देत नाही. नियमांच्या चौकटीत राहून बाजाराचा अभ्यास योग्य वेळी करण्याची संधी मात्र ते त्याला मिळवून देते.