५१ टक्क्यांची जादू

काशीत नागपूरकर भोसल्यांच्या घाटावर संध्याकाळी बसलं की मराठी कानावर पडतंच. मागच्या खेपेला पडलं ते असं : "अहो, ५१ टक्के आपले म्हटल्यावर घाबरायचं काय? जर्मन येवो नाहीतर जपानी!" बोलणारे पुण्याकडचे कारखानदार, परदेशी कंपनीशी जेव्ही, म्हणजे भागीदारीतला संयुक्त उपक्रम, करायच्या बेतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गंगेकाठीही डोकं तापलं.

५१ टक्क्यांत साधा ठराव होतो, विशेष ठराव होत नाही. कंपनी कायदा २०१३, कलम ११४ काढून बघा : बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, बदलायचे, बाहेरच्याला नवे शेअर द्यायचे, तर हाच ठराव. २६ टक्केवाला 'नाही' म्हणाला की विषय तिथेच बारगळला.

आणि हे झालं नुसतं कायद्याचं. खरी मेख असते शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंटमधल्या राखीव विषयांच्या यादीत. वार्षिक बजेट, ठरावीक रकमेवरचं कर्ज, एमडीची नेमणूक, ब्रँडचा वापर : यातल्या कशालाही दोघांची संमती लागते. खालीच गणपूर्तीचं कलम असतं : दोन्ही बाजूंचा एकेक संचालक हजर नसेल तर बैठकच नाही. म्हणजे समोरच्याला विरोधात मत द्यायचीही गरज नाही, फक्त यायचं नाही! सहीच्या दिवशी ही पानं कुणी वाचत नाही; त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष फोटोकडे.

उलट बाजूही बघा. हीरो होंडात दोघांचे २६-२६ टक्के. ५१ कुणाकडेच नव्हते, तरी कंपनीने देशभर मोटारसायकली विकल्या. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स निघाली. पाटीवर आधी किर्लोस्कर, पण निम्मे शेअर अमेरिकेतल्या कमिन्सचे. नव्वदच्या दशकात किर्लोस्कर बाहेर पडले आणि पाटीही बदलली.

'वेगळं व्हायचं तेव्हा बघू' हा ५१ टक्क्यांच्या गैरसमजाचाच धाकटा भाऊ. टाटा आणि जपानी डोकोमोने २००९ मध्येच बघून ठेवलं होतं : पाच वर्षांनी डोकोमोला निघायचं झालं तर किमान निम्मी किंमत परत. वेळ आली तेव्हा रिझर्व्ह बँक म्हणाली, आधीच ठरवलेला भाव नियमात बसत नाही. प्रकरण लंडनच्या लवादाकडे गेलं. २०१६ मध्ये सुमारे ११७ कोटी डॉलरचा निवाडा झाला आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला. कलम लिहिलेलं असूनही एवढं. लिहिलंच नसतं तर?

बाकीचे गैरसमज चिल्लर आहेत. 'जेव्ही म्हणजे नवी कंपनी काढावीच लागते' : नाही, नुसत्या करारावरही चालते. 'तंत्रज्ञान घेतलं म्हणजे जेव्ही झाली' : नाही, त्याला परवाना म्हणतात. 'जेव्ही मोडली म्हणजे भांडण झालं' : हीरो आणि होंडाने २०१० मध्ये फारकत जाहीर केली, त्यानंतरही होंडाचं तंत्रज्ञान परवान्यावर हीरोकडे चालूच होतं.

घाटावरच्या कारखानदारांना मी एवढंच विचारलं, "ॲग्रीमेंटमधल्या अटी आर्टिकल्समध्ये उतरवल्यात ना?" शेअर विकण्यावरची बंधनं आर्टिकल्समध्ये नसतील तर ती कंपनीवर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज खटल्यात म्हटलंय. गृहस्थांनी खिशातून फोन काढला आणि आरतीच्या घंटांमध्येच सीएला लावला.