जास्वंदीची फांदी आणि फसवी पालवी

लाल जास्वंदीचे फूल एका दिवसाचे. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. झेंडूसारखे क्रेटमध्ये भरून ते लांबच्या बाजारात धाडता येत नाही. गणेशोत्सवाला २०२५ मध्ये राज्य उत्सवाचा दर्जा मिळाला खरा, पण मराठवाड्यातल्या सेनगावसारख्या तालुक्याच्या गावात बाप्पाचे हे लाडके फूल बहुधा शेजारच्या अंगणातूनच येते. अंगण नसेल त्याला कुंडी पुरते, आणि रोप विकत आणण्याचे तर कारणच नाही. या लाल वाणाला बी क्वचितच धरते. घरोघरची झाडे फांदीवरूनच वाढवलेली आहेत.

छाट लावायला मृगाचा पाऊस होऊन हवा ओलसर झाली की सुरुवात करावी. ऑगस्टअखेरपर्यंत वेळ असतो. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या घरात जातो, तेव्हा मुळे नसलेली फांदी दोन दिवसांत वाळते. फांदी कोवळ्या हिरव्या शेंड्याचीही नको आणि जून लाकडाचीही नको. पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची असावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका द्यावा. खालची पाने काढावीत, वरची दोन ठेवून तीही निम्मी कापावीत. कळी असेल तर खुडावी, जीवावर आले तरी.

सर्वाधिक छाटा मरतात त्या मातीमुळे. इथली काळी माती कापसाला उत्तम, छाटेला घातक: ओली असताना तिच्यात हवा खेळत नाही, वाळली की भेगाळते. फुटू पाहणाऱ्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे घ्यावे. वाळूचे आजचे भाव पाहता क्रशरवरची जाड कच धुऊन वापरली तरी चालते. दोन डोळे आत जातील इतकी छाट खोचावी, भोवती बोटाने दाबावे, कुंडी सावलीत ठेवावी आणि वर बूड कापलेली पाण्याची बाटली उपडी घालावी.

पंधरवड्यात डोळे फुटतात आणि इथेच घात होतो. ही पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर येते. खाली मूळ असेलच असे नाही. पालवी पाहून लोक कुंडी उन्हात नेतात, पाणी वाढवतात, काही जण तर मुळे आली का हे पाहायला छाट उपटतात. मुळे धरायला चार ते सहा आठवडे जातात. तळाच्या भोकातून पांढरे मूळ डोकावेपर्यंत हात न लावणे, हीच यातली खरी कला.

मुळे फुटतात ती ऑक्सिन या संप्रेरकामुळे. ते शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होते, खाली उतरते आणि कापाशी साठते. १९३०च्या दशकापासून त्याचे कृत्रिम भाऊबंद वापरात आले. दुकानात मिळणाऱ्या पावडरीत बहुधा त्यांपैकीच आयबीए असते. रुसून बसणाऱ्या हायब्रीड जास्वंदींना तिचा उपयोग होतो, देशी लालला गरज नाही. मध, दालचिनी, कोरफड यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. मध आणि दालचिनी बुरशीला थोडा आळा घालत असतील, पण ती काही ऑक्सिनची जागा घेत नाहीत.

मुळे धरली की बाटली एकदम न काढता आठवडाभर रोज थोडा वेळ काढावी. मग १० इंची कुंडीत काळी माती, कुजलेले शेणखत आणि चाळलेला मुरूम समभाग घेऊन रोप हलवावे. सहा इंच वाढल्यावर शेंडा खुडला तर फांद्या फुटतात. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीला घाबरू नये. यंदा लावलेल्या छाटेची फुले धरायची ती पुढच्या चतुर्थीसाठी.

कापसाच्या पट्ट्यात एक सावधगिरी हवी. जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले असल्याने पिठ्या ढेकूण दोघांवरही येतो. २००५ नंतरच्या काही हंगामांत देशातल्या कापसाला त्याने चांगलेच छळले. गाजरगवतावरही तो वाढतो, तेव्हा घराभोवतीचे गाजरगवत उपटावे. कुंडीवर पांढरा कापसासारखा थर दिसताच पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. मुंग्या या किडीची पिले झाडावर पसरवतात. कुंडीच्या काठावर त्यांची रांग लागली की आधी शेंड्याची पाने उलटून पाहावीत.